वीस झाडांची नावे आणि तिवराची तहान

येवल्याच्या एका माध्यमिक शाळेने ठाणे खाडीकाठच्या कांदळवनात विद्यार्थ्यांची क्षेत्रभेट नेली, तेव्हा छापून घेतलेली निरीक्षण-पत्रिका आमच्यापुढे आहे. चार पानांची, व्यवस्थित रकाने आखलेली. मुलांनी भरून दिलेल्या ४६ पत्रिकाही आम्हाला वाचायला मिळाल्या. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशाच पत्रिका, थोड्याफार फरकाने, अनेक शाळांत वापरल्या जातात आणि त्या तयार करणारे शिक्षक बहुधा शाळेतले सर्वांत उत्साही शिक्षक असतात. म्हणूनच या पत्रिकेची जरा कडक तपासणी करावी असे आम्हाला वाटले. निरुत्साही माणसाच्या कामावर टीका करण्यात वेळ घालवू नये.

पहिला प्रश्न असा: 'पाहिलेल्या किमान २० झाडांची नावे लिहा.' दुसऱ्यात दहा पक्ष्यांची नावे. तिसऱ्यात खारफुटीचे तीन उपयोग. चौथ्यात श्वसनमुळांची आकृती. शेवटी 'तुम्हाला काय आवडले?'

आता ठाणे खाडीच्या काठी वीस प्रकारची झाडे आणायची कुठून? महाराष्ट्राचा सगळा किनारा पालथा घातला तर खारफुटीच्या जेमतेम वीस जाती सापडतात. ऐरोलीच्या बाजूला तर एकट्या तिवराचेच राज्य आहे. मुले हुशार असतात. त्यांनी आवारातली, रस्त्याकडेची झाडे मोजली. नारळ, अशोक, गुलमोहर, बदाम, कडुलिंब, पिंपळ अशी वीसची भरती झाली आणि ४६ पैकी ४१ जणांना त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. ज्या जंगलासाठी अडीचशे किलोमीटर प्रवास केला ते त्या यादीत एका ओळीत आले: 'तिवर'.

खरे तर त्या जागेचा सर्वांत मोठा प्रश्न हाच होता. इतके पाणी, इतका सुपीक गाळ, बारमाही उबदार हवा, तरीही इथे एकच झाड का? पाणी आणि माती असली की झाडांची गर्दी होते असे आपण वर्गात शिकवतो. मग इथे बाकीची झाडे कुठे गेली? एखाद्या मुलाने हा प्रश्न विचारला असता तर सहलीचा खर्च वसूल झाला असता. पण पत्रिकेला वीस नावे हवी होती, आणि एकच झाड दिसणे ही त्या पत्रिकेच्या दृष्टीने अडचण होती.

नावांना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. नाव कळल्याशिवाय पुढचे बोलणे होत नाही. मात्र नाव ही निरीक्षणाची सुरुवात असते, आणि इथे तिथेच पूर्णविराम पडला आहे. उपयोगांच्या प्रश्नाचीही तीच गत. ४६ पत्रिकांत तेच तीन उपयोग, त्याच क्रमाने, जवळजवळ त्याच शब्दांत आहेत. ते माहितीफलकावरून उतरवलेले आहेत हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

हा दोष एका शाळेचा नाही. क्षेत्रभेटीकडे पाहण्याची जी रीत आपल्याकडे रुळली आहे तिचा तो आहे. बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या भूगोलात पहिलाच पाठ 'क्षेत्रभेट' या नावाचा आहे. नळदुर्गहून निघून मुले अलिबागच्या समुद्रापर्यंत जातात, अशी त्याची रचना आहे. भारत आणि ब्राझील यांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्या पुस्तकाने क्षेत्रभेटीला पहिले स्थान दिले याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. वाटेत बदलत जाणारी भूरूपे, शेती, वस्ती यांकडे लक्ष वेधण्याची त्यातली कल्पनाही उत्तम आहे. पर्जन्यछायेतल्या गावातून किनाऱ्यापर्यंतचा प्रवास म्हणजे महाराष्ट्राचा उभा छेदच. पण पाठ संवादरूप असल्यामुळे मुलांनी विचारायचे आणि सर-मॅडमनी लगेच सांगून टाकायचे, असा त्याचा बाज आहे. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये पाहण्याला, मोजण्याला, चुकण्याला जागा उरत नाही. स्वाध्यायात अहवाल, प्रश्नावली, सोबत न्यायचे साहित्य, कचऱ्याची व्यवस्था हे सगळे आहे. 'हेच निरीक्षण आधी तुमच्या गावात करा आणि मग किनाऱ्यावर करा', असे सांगणारा एखादा प्रश्न तिथे आम्हाला हवा होता.

त्याच अलिबाग तालुक्यातल्या किहीमला १९३० साली सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले, ते या संदर्भात आठवते. त्यांनी यादी केली नाही. एक वसाहत, एक पावसाळा आणि एकच प्रश्न: ही घरटी नेमकी कोण, कशी आणि कोणासाठी बांधतो? उत्तर असे निघाले की घरटे विणतो नर. अर्धवट विणलेले घरटे मादी येऊन तपासते, पसंत पडले तर ताबा घेते, आणि मग नर दुसऱ्या घरट्याच्या मागे लागतो. (नाव मात्र आपण 'सुगरण' ठेवले आहे!) येवल्याच्या विहिरींवर लोंबणारी घरटी ही याच पक्ष्याची. किहीमला न जाताही हे सगळे पाहता येते, हे किती वर्गांत सांगितले जात असेल?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तिवर एकटे का? खाडीच्या गाळात झाडापुढे दोन संकटे असतात. एक म्हणजे गाळात प्राणवायू नसतो. पाय रुतला की सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंनी तयार केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. म्हणून तिवराची मुळे पेन्सिलीसारखी चिखलातून वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. हे पुस्तकात असते, फलकावरही असते.

दुसरे संकट फलकावर बहुधा नसते, आणि येवल्याच्या मुलांना तेच सर्वांत चांगले कळले असते. समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्याचा परासरणदाब सुमारे २५ वातावरणे भरतो. म्हणजे तेवढ्या ओढीपेक्षा अधिक जोराने ओढल्याखेरीज मुळाला त्यातून गोडे पाणी मिळत नाही. झाड पाण्यात उभे असते आणि तहानलेले असते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली 'सायन्स' या नियतकालिकात याची मोजमापे प्रसिद्ध केली. दमट जंगलातल्या झाडांच्या जलवाहिन्यांत त्यांना उणे ४-५ वातावरणे इतका दाब आढळला, वाळवंटातल्या झुडपांत तो उणे ८० पर्यंत गेला. आणि खारफुटीत? उणे ३५ ते उणे ६०, तोही सर्वकाळ.

हे आकडे शिक्षकांनी फळ्यावर एका रेषेवर मांडून पाहावेत. चिखलात उभे असलेले झाड दमट रानाच्या जवळ नाही, वाळवंटाच्या जवळ आहे. पाण्याच्या टंचाईचे शास्त्र ज्याला घरच्या अनुभवातून ठाऊक आहे, ज्याने उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे, त्या मुलाला तिवर परके वाटायला नको. पण ती ओळख करून द्यायची तर आधी घरचे झाड नीट पाहिलेले हवे.

आणि घरचे जंगल येवल्याला आहे. तालुक्याच्या ईशान्येला राजापूर-ममदापूरच्या बाजूला काळविटांसाठी राखलेले क्षेत्र आहे. २०१४ साली ते ममदापूर संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. क्षेत्र सुमारे ५४ चौरस किलोमीटर. गवत, विरळ झुडपे, मुरमाड जमीन. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे. ज्या ४६ मुलांच्या पत्रिका आम्ही वाचल्या त्यांपैकी किती जण तिथे गेले होते, असे आम्ही शाळेला विचारले. शाळेतर्फे कोणीच नाही. काहींनी काळवीट पाहिले होते ते मामाच्या शेतात, हरभऱ्यात शिरलेले. 'ते काही जंगल नाही, तिथे झाडेच नाहीत,' असे एका शिक्षकांनी आम्हाला सांगितले. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट ही आहे. ज्या यादीने तिवराला एका ओळीत गुंडाळले, त्याच यादीने ममदापूरला शून्य गुण दिले.

वीस झाडे असली की जंगल, नसली की पडीक, ही समजूत शाळेत तयार होते आणि पुढे कारभारात उतरते. केंद्र शासनाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमिनींची गणना याच सदरात होते. मग त्यांचे 'भले' करायचे म्हणून तिथे खड्डे खणून झाडे लावली जातात. काळविटाला मात्र उघडे माळ हवे असतात. लांबवर दिसणे आणि धावता येणे हेच त्याचे लांडग्यापासूनचे संरक्षण. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात बाहेर पडलेली काळविटे विहिरीत पडल्याच्या, रस्त्यावर मेल्याच्या बातम्या येवल्याला नवीन नाहीत.

एके काळी खारफुटीचीही हीच अवस्था होती. दलदल म्हणून ती भरावाखाली घातली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिच्या तोडीला अंतरिम बंदी घातली आणि २०१८ च्या निकालाने राज्यभरातील कांदळवनांना संरक्षण मिळाले. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. ऐरोलीला २०१७ पासून किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. म्हणजे 'पडीक' हा शिक्का पुसता येतो. येवल्याच्या मुलांना खाडीकाठी नेऊन सांगण्यासारखी गोष्ट ही होती. त्याऐवजी त्यांना गुलमोहर मोजायला लावले.

आमचा आग्रह असा की क्षेत्रभेट दोन जागांची असावी, आधी ममदापूर, मग खाडी, आणि दोन्हीकडे पत्रिका एकच. त्या पत्रिकेत फार काही नको. एक मीटर बाजूची दोरीची चौकट, तापमापी, घड्याळ, हातभिंग एवढे साहित्य पुरते. चौकटीत किती प्रकारच्या वनस्पती? जमिनीचे तापमान किती, सावलीत किती, उघड्यावर किती? चौकटीत कोणाच्या वावराच्या खुणा? ममदापूरला त्या लेंड्या असतील, खाडीकाठी खेकड्यांची बिळे आणि तिवराची श्वसनमुळे. वनविभागाची परवानगी आधी काढावी, वाट सोडू नये, काळविटामागे धावू नये आणि दोन्हीकडे काहीही तोडू नये, हे ओघाने आलेच.

एक निरीक्षण मात्र प्रत्येक मुलाने केलेच पाहिजे. गावातल्या बोरीचे पान उलटे करून भिंगाखाली धरावे. खालची बाजू पांढुरकी, लवदार दिसते. ती लव पर्णरंध्रांवर पांघरुणासारखी बसते आणि बाष्प सावकाश जाऊ देते. नंतर खाडीकाठी तिवराचे पान, झाडावरच ठेवून, उलटे करावे. तीच पांढुरकी छटा, तीच लव. एक झाड मुरमात, एक चिखलात. दोघांनी सारखी युक्ती का काढली असावी? इथे शिक्षकांनी गप्प बसावे. निदान दहा मिनिटे. (हे अवघड असते, याची आम्हाला कल्पना आहे.) तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कणही दिसतात. पानातल्या लवणग्रंथी जादा क्षार बाहेर टाकतात त्याचे ते अवशेष. पुष्कळ पुस्तके पान चाटून पाहायला सांगतात. ठाणे खाडीच्या पाण्याची अवस्था पाहता भिंगावरच समाधान मानलेले बरे.

जाण्याआधी वर्गात बटाट्याच्या दोन सारख्या चकत्या घ्याव्यात. एक साध्या पाण्यात, दुसरी लीटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तासाभराने साध्या पाण्यातली ताठ राहते, मिठाच्या पाण्यातली लुळी पडून वाकते. तराजू असेल तर आधी-नंतर वजनही करावे. नाशिक-नगरच्या कालव्यांखाली पाणी अति होऊन जमिनी चोपण झाल्या आहेत. जमीन ओली आणि पीक कोमेजलेले, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाने पाहिलेले असू शकते. ती चकती हातात घेतल्यावर ते त्याला स्वतःहून आठवेल. आठवले नाही तर विचारावे.

प्रवासाबद्दलही थोडे. बहुतेक सहली रात्री निघतात. एस.टी.ची सवलतीच्या दराची गाडी, एका मुक्कामाचा वाचणारा खर्च, हे सगळे समजण्यासारखे आहे. पण मग महाराष्ट्राचा तो उभा छेद मुले झोपेत पार करतात. येवल्याचे पावसाचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. अरबी समुद्र कितीतरी जवळ असून! फक्त अंकाईच्या डोंगररांगेच्या उत्तर उतारावरचे पाणी गिरणा-तापीवाटे पश्चिमेला वळते. येवल्याहून निफाड, नाशिक, इगतपुरीपर्यंत आपण गोदावरीच्याच खोऱ्यात चढत असतो. इगतपुरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, येवल्याच्या सहापट. कसाऱ्याचा घाट उतरलो की पाणी फिरते आणि उल्हास नदीकडे, म्हणजे ज्या किनाऱ्याला आपण निघालो आहोत त्याच बाजूला, धावू लागते. हे अंधारात दाखवता येत नाही. जाताना शक्य नसेल तर निदान परतीचा घाट उजेडात चढावा.

४६ मुले आणि तीन शिक्षक, वरून पालकांची काळजी, कागदपत्रे, जेवणाची व्यवस्था. अशा वेळी तपासायला सोपी म्हणून यादी बरी पडते, असे शिक्षक म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. आम्ही सुचवलेल्या पत्रिकेला गुण देणे कठीण आहे, कारण दोन चौकटींची उत्तरे सारखी येणार नाहीत. पण सहा-सहा जणांचे गट केले तर आठ चौकटी होतात, आणि आठ आकडे फळ्यावर लिहून त्यांवर वाद घालायला एक तास पुरतो. पेपर तपासण्यापेक्षा हे काम हलकेच आहे.

शेवटी वेळेचा मुद्दा. तो पत्रिकेतल्या चौथ्या प्रश्नाशी निगडित आहे. श्वसनमुळांच्या आकृत्या ४६ जणांनी काढल्या आहेत आणि सगळ्या फलकावरच्या चित्रासारख्या आहेत. कारण त्या दिवशी मुलांना मुळे दिसलीच नाहीत. सहलीची तारीख दुसऱ्या शनिवारची, सोय म्हणून ठरवलेली. त्या दिवशी पौर्णिमा होती आणि गाडी साडेअकराला पोहोचली. पौर्णिमेला आणि अमावास्येला मुंबईच्या किनाऱ्यावर भर दुपारीच भरती असते, तीही उधाणाची. मुलांनी पाण्यावर तरंगणारे शेंडे पाहिले आणि चिखलात चरणारे रोहित पक्षी पाहायचे राहून गेले.

किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा यासाठी साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. अष्टमीच्या दिवशी ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते, पण ती भांगाची असल्यामुळे पाणी फार मागे हटत नाही. तृतीयेचा हिशेब केला तर भरती सव्वादोनला आणि ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास, पुन्हा उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो, म्हणून चिखल लांबवर उघडा पडतो. खाडीत आत शिरावे तसा थोडा उशीर धरावा. तेव्हा हिवाळ्यातली, पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया गाठावी, आदल्या दिवशी उजेडात निघून रात्री ठाण्याच्या आसपास मुक्काम करावा आणि सकाळी आठला खाडीवर हजर राहावे. दुसरा शनिवार त्या तिथीला येईलच असे नाही. तसा आला नाही तर मुख्याध्यापकांना विनंतीचा अर्ज करावा लागेल, आणि अर्जात कारण म्हणून 'ओहोटी' असे स्पष्ट लिहावे.